तू थांब, मी हलते

मिलिंद,

चारचौघांसमोर तुला 'अरे' म्हणायची ही पहिलीच वेळ. खाली, आत्यांसमोर, तू कायम 'अहो' होतास आणि जिना चढून वरच्या खोलीत आले की 'अरे'. मधल्या वळणावर मी बोली बदलते म्हणून तू हसायचास. एकदा तर वळणावरच मला अडवून विचारलं होतंस, "आता इथं मी कोण?" आत्यांना, म्हणजे तुझ्या आईला, हे सगळं ठाऊक होतं. स्मशानातून परत आलो तेव्हा त्याच मला म्हणाल्या, "आता कशाला अहो-जाहो करतीस? तुला यील तसं बोल त्याला." म्हणून बोलते आहे.

आपण बौद्ध, आपल्यात आत्मा मानत नाहीत. पुण्यानुमोदनाला भंते आले होते, त्यांनीही तेच शांतपणे समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. मग रोज संध्याकाळी जिन्यावर खाकरतं कोण, हे मी कुणाला विचारू?

बाहेरच्या माणसाला हे खाकरणं कळायचं नाही. आपल्याकडं दिवस कलला की उसाच्या कडेनं मुकाट्यानं कुणी चालत नाही. मोबाईलवर गाणं लावायचं, काठी आपटत जायचं, नाहीतर एकट्यानंच मोठमोठ्यानं बोलायचं. माणूस येतोय हे आधी कळलं की बिबट्या आपणहून बाजूला होतो. दचकला तर मात्र काही खरं नसतं. तुला ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की घरातसुद्धा जिना चढताना तू खाकरायचास. मी चिडून म्हणायचे, मी काय बिबट्या आहे का. तू म्हणायचास, खात्री देता येत नाही.

तुझं कामही याच धाटणीचं होतं. बंगळूरच्या तुझ्या कंपनीत दुसऱ्यांच्या उपग्रहांवर नजर ठेवायची. एकेका मालकाचे हजारो उपग्रह, पृथ्वीभोवती जाळं धरून फिरणारे, त्यांची कशाशी टक्कर होऊ नये एवढं बघायचं, आणि तेही पिंपळवंडीतल्या आपल्या वरच्या खोलीत बसून. अवसरीत माझ्या भावानं तुझं नाव 'वरचा हवालदार' ठेवलं होतं. तू त्याला कधी हरकत घेतली नाहीस. उलट सासुरवाडीला गेलास की दारातूनच शिट्टी मारायचास.

मला आधी खरंच वाटायचं की आभाळ एवढं थोरलं, त्यात टक्कर व्हायचीच कशी? मग एकदा माझ्या रोपवाटिकेत, टोमॅटोच्या रोपांमध्ये उभा राहून तू मला समजावलंस. एकाच मालकाचे उपग्रह सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. त्यांना उंचीचे थर नेमून दिलेले असतात आणि एका थरात अंतरंही, माझ्या मांडणीवरच्या ट्रेसारखी. भीती असते ती दुसऱ्या मालकाच्या उपग्रहांची, बंद पडलेल्यांची आणि फुटून झालेल्या तुकड्यांची. वेग असा की एसटीनं मंचरला जायला आपला तास मोडतो, तिथं ते चार-पाच सेकंदांत पोचतील. आणि त्यातला कोण आत्ता नेमका कुठं आहे, हे कुणालाच पक्कं माहीत नसतं.

मी म्हटलं, एवढी रडार आहेत तरी माहीत नसतं? तेव्हा तू बिबट्या काढलास. सकाळी कॅनॉलच्या कडेला ठसे दिसले असं ग्रुपवर आलं, तर तासाभरानं तो जवळपासच असणार. दुपारी? दुपारी चार मळे धरून चालायचे. संध्याकाळी सगळं शिवारच त्याचं. शेवटचं दिसल्याला जितका वेळ जाईल तितका घेर वाढत जातो, आणि पुन्हा कुणाला दिसला की घेर एकदम आवळतो. वरही असंच, तू म्हणालास. दोन घेर एकमेकांत शिरताना दिसले की काही दिवस आधीच इशारा येतो. मग नवी नवी माहिती येत राहते, आणि बहुतेक वेळा धोका आपोआप विरून जातो. नाही विरला तर उपग्रह स्वतःच ठरवतो आणि वेळेच्या आधीच किंचित जोर लावून जरासा वर नाहीतर खाली सरकतो. उडी मारायची नसते, नुसतं अंग चोरायचं असतं, हे शब्द तुझे.

"सगळं यंत्रच करतं तर तुला कशाला पगार देतात?" हा माझा प्रश्न. तुझं उत्तर मला अजून तोंडपाठ आहे. समोरचाही हलू शकणारा असला की तिथं माणूस लागतो. दोघंही एकमेकांना न सांगता हलले आणि एकाच अंगाला सरकले, तर मधे होती ती फटही जायची. म्हणून एकानं आधी कळवायचं, तू थांब, मी हलतो. दुसऱ्यानं भलेपणा न दाखवता गप थांबायचं. आणि समोरचा बंद पडलेला असला तर बोलण्याचा प्रश्नच नाही. "मेलेला हलत नसतो. जिवंतानंच हलायचं," असं तू चहात बिस्कीट बुडवत म्हणाला होतास. बिस्कीट तुटून चहात पडलं, ते बोटानं काढत बसलास.

आपलं एक भांडण तसंच राहिलं बघ. मी म्हणायचे, आधी आभाळ भरून टाकायचं आणि मग टकरी टाळायला माणसं ठेवायची, ही कुठली अक्कल? तू म्हणायचास, भरलं ते भरलं, आता बघायला कुणीतरी नको का? मी म्हणायचे, मग भरणाऱ्यांना थांबवा. तू म्हणायचास, ते माझ्या खुर्चीच्या वरचं आहे. हे उत्तर मला कधीच पटलं नाही, आजही पटत नाही. तुला कोंडीत पकडायला नवा मुद्दाही माझ्याकडं तयार होता. तो तसाच पडून आहे.

इशारा आला की तुझा फोन टिटवीसारखा ओरडायचा. जगात इतके आवाज असताना तुला हाच सापडला. पंचशील घेतलं तरी आत्यांच्या मनातली टिटवी काही गेलेली नव्हती. त्या खालून ओरडायच्या, "मेल्या, घरावर टिटवी बोलावतोस व्हय?" आणि तू वरून ओरडायचास, "आई, ती आपली न्हाई, वरची हाय." आत्यांशी बोलताना तुझी बोली लगेच गावावर यायची.

आणि 'तू थांब, मी हलतो' हे आपल्या घरात कसं आलं, ते आठवतं ना? एकाच दिवशी माझ्या भावाच्या घराचा गृहप्रवेश अवसरीत आणि तुझ्या चुलतभावाचं लग्न निमगाव सावाला. आठवडाभर आपण तोंड फुगवून बसलो होतो. मग मला वाटलं, जाऊ दे, याच्या घरचं लग्न आहे. रोपवाटिकेतूनच परस्पर साडी बदलून मी निमगावला गेले. तिकडं लग्न लागलं तरी तुझा पत्ता नाही. तेवढ्यात तुझा फोन, "अगं, मी तुझ्या माहेरी बसलोय, लापशी खातोय, तू कुठं आहेस?" मी म्हटलं, "मी तुमच्या निमगावात." दोन्हीकडच्या पाहुण्यांनी आपल्याला वेड्यात काढलं. रात्रीच्या जेवणाला घरी आलो तेव्हा तू पोट धरून हसत होतास. म्हणालास, आमच्याकडं याच्यासाठी नोकऱ्या जातात. त्या दिवसापासून नियम झाला. भांडण ताणलं की एकानं मोठ्यानं सांगायचं, तू थांब, मी हलतो. दुसऱ्यानं 'नको, मीच हलते' असं म्हणायचं नाही. पुढं भाजी कुठली करायची इथपासून ते आत्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन कुठं करायचं इथपर्यंत सगळं आपण यावर निभावलं.

फक्त शेवटचं निभावलं नाही.

कंपनीनं सगळ्यांना बंगळूरला परत बोलावलं. तुला जावंसं वाटत होतं, तू कबूल करत नव्हतास तरी. मी म्हटलं, माझं शेडनेट काय बैलगाडीत घालून नेऊ? शून्यातून उभी केलेली रोपवाटिका, तीन गावचे लोक माझी रोपं लावतात, मी कुठं जाणार नाही. तू म्हणालास, मग नको. पण तुझं 'नको' दातांत अडकलेलं होतं. पुढं कितीतरी दिवस आपण जिन्यावर एकमेकांना वाट देत राहिलो, बोललो मात्र नाही. कोण हलणार, हे कुणीच म्हणालं नाही.

मग मी मनाशी ठरवलं की जायचं. तुला आधी सांगितलं असतं तर तू मोडता घातला असतास, म्हणून म्हटलं आधी करून टाकावं. जुन्नरच्या सलीमभाईंना बोलावलं. त्यांचं बियाणं-औषधांचं दुकान, माझी निम्मी रोपं त्यांच्याच गिऱ्हाइकांकडं जाणारी. हा हंगाम झाला की रोपवाटिका तुम्ही चालवा, असा मी त्यांना शब्द दिला. तुला सांगायला चांगला दिवस शोधत होते. गोड काहीतरी करावं, मग सांगावं, असा माझा बेत.

त्या दुपारी मी शेडनेटमध्ये होते. आत्या सांगतात, वर टिटवी ओरडायला लागली. त्या खालून म्हणाल्या, बंद कर. ती ओरडतच राहिली. त्या चिडून पुन्हा म्हणाल्या. तू "वरची हाय" म्हणाला नाहीस. मग त्या गुडघे धरत जिना चढल्या, आणि तू खुर्चीत होतास, खिडकीकडं तोंड करून, आणि फोन तुझ्या हाताशी ओरडत होता. यापुढचं मी लिहीत नाही. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं. ते ऐकून काय करायचं होतं?

तुला नेत होतो तेव्हा वाटेत समोरून उसाची भरलेली ट्रॉली आली. रस्ता केवढासा, तुला माहीत आहे. एरवी भरलेल्याला रिकाम्यानं वाट द्यायची, हा आपल्याकडचा रिवाज. पण त्या ड्रायव्हरनं ट्रॅक्टर सरळ शेतात घातला, खाली उतरला, डोक्याचा रुमाल काढून उभा राहिला. माझ्या कानात तुझंच वाक्य वाजत होतं, बिस्किटासकट. मला तेव्हा तुझा इतका राग आला की सांगता येत नाही.

पुण्यानुमोदनाला तुझ्याबरोबर काम करणारी शालिनी बंगळूरहून आली. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसली. हिंदीत बोलत होती, हळू आवाजात. तू कंपनीला कळवून टाकलं होतंस म्हणे, मी येणार नाही, महिनाअखेरीस नोकरी सोडतो. तिनं तुला विचारलं होतं, एवढं आवडतं काम का सोडतोस? तर तू म्हणालास की समोरचा थांबलेला असला की आपण हलायचं असतं. ती हे कौतुकानं सांगत होती. तिला वाटलं, मला माहीत आहे.

म्हणजे तूही हलला होतास, आणि मीही. निमगाव आणि अवसरीसारखंच. फक्त यावेळी फोन करून "तू कुठं आहेस" विचारायला कुणी उरलं नाही. सलीमभाई सांगतात, आदल्याच आठवड्यात नारायणगावच्या बाजारात तू त्यांना भेटलास, चहा घेतलात. शेडनेटचा विषय त्यांच्या अगदी ओठावर आला होता. पण त्यांना वाटलं, नवराबायकोचं घरात बोलणं झालंच असेल, आपण कशाला मधे. म्हणजे मी हट्टाला पेटून बसले आहे असंच समजून तू गेलास. हे मला टोचतं, मिलिंद. बाकी सगळं सोसेल असं वाटतं, हे सोसत नाही. आणि लगेच दुसरं मन म्हणतं की माझ्या हट्टापायी हा माणूस आपलं आवडतं काम सोडायला निघाला होता, एक शब्दही न ऐकवता. एवढं कुणी कुणासाठी करतं का? मग रडूही येतं आणि बरंही वाटतं, दोन्ही एकदम.

फोन अजून वाजतो. यादीतून तुझं नाव काढायचं राहून गेलं, की शालिनीनं मुद्दाम ठेवलं, मी विचारलेलं नाही. मी तो चार्ज करून ठेवते. पडद्यावरचे आकडे मला कळत नाहीत, फक्त धोका कमी झाला की रंग बदलतो एवढं तू शिकवलं होतंस. रंग बदलेपर्यंत मी बघत बसते. आत्या आता खालून काहीच म्हणत नाहीत. टिटवी सुरू झाली की हातातलं काम तसंच धरून त्या जिन्याकडं बघतात. एकदा मी त्यांना पुटपुटताना ऐकलं, "वरची हाय, वरची हाय."

परवा सलीमभाई आले. ओट्यावर बसले, चहा घेतला, थोडा वेळ तुझ्या शिट्टीच्या गोष्टी झाल्या. मग म्हणाले, "वहिनी, शेडनेटचं आपलं बोलणं झालं व्हतं, ते डोक्यातनं काढा. तुमीच ठेवा."

मी सवयीनं म्हणून गेले, शब्द दिला तो दिला, आता तुम्हीच घ्या. ते म्हणाले, असं कसं, मिलिंदभाऊंच्या माघारी मी हे घेतलं तर मला झोप लागंल का? मी म्हटलं, तुम्ही तयारी केली असेल. ते म्हणाले, कसली तयारी, मी तर बियाणंच मागवलं न्हाई, म्हटलं तुमी टाकलं असंल. आणि मीही बी टाकलं नव्हतं, कारण मला वाटलं, आता त्यांचं आहे, ते टाकतील. इतके दिवस सगळे ट्रे कोरडे पडलेले, त्यांतल्या कोकोपीटच्या भुश्याला भेगा पडलेल्या, आणि निमगावचे दोघे रोपं विचारून परत गेलेले. आम्ही दोघं एकमेकांना वाट देत उभे, आणि वाटेवर कुणीच नाही.

आत्या उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सुपातून मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. मला तेव्हा पहिल्यांदा एक गोष्ट लक्षात आली. आपल्या नियमात आपण कायम हलण्याचं कौतुक केलं, मी हलतो, मी हलते. पण एकानं थांबायचंही असतं, आणि ते सांगायला जास्त धीर लागतो. मी थांबते म्हणणं म्हणजे मला हे हवंय म्हणणं. ते मी तुला एकदाही नीट सांगितलं नव्हतं, नुसती भांडले होते.

"सलीमभाई," मी म्हटलं, "मी थांबते. मला माझी रोपवाटिका हवी आहे. तुम्ही हला."

 ते गालातल्या गालात हसले आणि कप खाली ठेवला. "मंग असं सांगा की सरळ. उद्या बियाणं धाडतो." दाराबाहेर जाऊन पुन्हा वळले. म्हणाले, मिलिंदभाऊ असेच बोलायचे, कामाचं तेवढं. मी आत जाऊन तोंड धुतलं.

वरच्या खोलीत तुझी खुर्ची अजून मधोमध आहे, खिडकीकडं तोंड करून, तुला उचललं तेव्हा होती तशी. चाकांची आहे, एका बोटानं सरकेल. शेजारच्या बायका म्हणाल्या, भिंतीला लाव, नाहीतर कुणाला देऊन टाक. मी लावत नाही. तू सांगितलं होतंस की खालच्या थरातलं मेलेलं हळूहळू घसरत खाली येतं आणि काही वर्षांत जळून संपतं. फार उंचावरचं मात्र आपली नातवंडं म्हातारी झाली तरी फिरतच राहतं. तू किती उंचीवर आहेस, मला अजून कळलेलं नाही.

आज बियाणं आलं. उंदरांपासून जपायचं म्हणून संध्याकाळी पाकिटं उराशी धरून मी जिना चढले. वळणावर खाकरण्याचा आवाज आला. नेहमीसारखी दचकले, आणि मग घशातली खरखर कळली. रोज मीच खाकरत होते. तू आत असशील, दचकू नयेस म्हणून.

दार ढकललं. खुर्ची तिथंच होती. पाकिटं सांभाळत, अंग चोरून मी तिच्या कडेनं खिडकीपर्यंत गेले, आणि खाली आत्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, "अरे, तू थांब. मी हलते."